ताईचा पहिला फोन

माझ्या ताईला जन्मापासून ऐकू येत नाही. आता तिच्यासारखी पोरं व्हिडिओ कॉलवर हातांनी तासन्‌तास गप्पा हाणतात. ते बघून बरं वाटतं आणि थोडा रागही येतो, कारण ताईच्या लग्नाचं ठरत होतं तेव्हा आमच्याकडे होतं काय? एक फोन, मी टायपिंगची कामं करायचे तो कॉम्प्युटर आणि ऑफिसातून मागून आणलेला मोडेम. आणि संध्याकाळी सातला मुलाकडच्यांना उत्तर द्यायचं होतं.

मुलगा ठाण्याचा. त्यालाही ऐकू येत नव्हतं. डीटीपीच्या दुकानात कामाला होता आणि संध्याकाळी तिथल्याच कॉम्प्युटरवर बुलेटिन बोर्ड चालवायचा. म्हणजे मोडेमवरून त्याच्या दुकानात फोन लावायचा आणि स्क्रीनवर टाइप करून बोलायचं.

आदल्या दिवशी आमच्या कोपरच्या घरी बघायचा कार्यक्रम झालेला. त्याच्या आईने ताईबद्दल काही विचारलं की उत्तर आमची आई द्यायची. त्याला काही विचारलं की त्याचा मामा बोलायचा. ती दोघं आपली समोरासमोर बसून आमच्या तोंडांकडे बघतायत! ताईने त्याला काहीतरी खुणावायला हात उचलला, तर आईने तो हळूच खाली दाबला. पाहुण्यांसमोर हातवारे नकोत म्हणे. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. निघताना, सगळे चपला शोधत होते तेवढ्यात, त्याने ताईच्या तळहातावर पेनने दुकानाचा नंबर लिहिला.

दार लागल्याबरोबर ताईने मला खुणांनी सांगितलं, मला त्याच्याशी बोलायचंय, मधे कोणी नको, त्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

"अगं, चांगलं स्थळ हातचं जाईल," आई म्हणाली. "उद्या सातला त्यांचा फोन येणार. तोवर काय ते उरका."

दुसऱ्या दिवशी बाबा मोहन्याच्या कारखान्यात सेकंड शिफ्टला गेलेले, त्यामुळे सगळं माझ्या गळ्यात. आधी खालच्या काकूंना बजावून आले. त्यांचा फोनसाठी नंबर लागायचा होता, म्हणून आमच्याच फोनची पॅरलल वायर त्यांच्या घरात गेलेली. तिथे कोणी रिसीव्हर उचलला की मोडेमचं कनेक्शन मेलंच म्हणून समजा.

"काकू, सातपर्यंत फोनला हात लावू नका हां."

"नाही गं बाई, मी कशाला लावू?"

वर येऊन बसले तर सॉफ्टवेअर म्हणतंय, मोडेमच नाही. अरे, नाही म्हणजे काय? दिवे पेटलेत समोर! दोनदा वायर काढून घातली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या पोर्टला माउस होता, मोडेम मी दुसऱ्या पोर्टला लावलेला आणि सॉफ्टवेअर शोधत होतं पहिल्यात. ते बदललं. मग नंबर फिरवला तर डायल टोन तुटेचना. आमचं एक्स्चेंज जुनं, त्याला टोनचं डायलिंग कळायचं नाही, कट-कट वाजत जाणारं पल्सचंच लागायचं. कमांडमध्ये टीच्या जागी पी टाकला. या वेळी पलीकडे रिंग गेली आणि मोडेम किंचाळायला लागला. ताई मोडेमवर हात ठेवून बसलेली. तिला तो थरथरलेला कळला. तिने माझ्याकडे बघून जोरात मान हलवली.

आणि स्क्रीनवर आला नुसता कचरा. अर्धी अक्षरं धड, अर्ध्यांच्या जागी ग्रीक काय, चौकोन काय. ताईचा चेहरा पडला.

"सोड गं," आई मागून म्हणाली. "नसेल नशिबात."

"आई, तू गप्प बस जरा!"

अर्धी अक्षरं धड येतायत म्हणजे स्पीड बरोबर होता. चुकला असता तर सगळाच चिवडा झाला असता. म्हणजे घोळ पॅरिटीचा, अक्षर तपासायला जोडतात त्या जादा बिटचा. माझं सेटिंग आठ बिटचं, बिनपॅरिटीचं, त्याचं बहुतेक सात बिट आणि इव्हन. बदलून पुन्हा लावला. एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. सात वाजत आलेले, माझा जीव टांगणीला लागलेला. शेवटी लागला एकदाचा, आणि इंग्रजी अक्षरांत स्वच्छ मराठी उमटलं: 'कोण?'

ताईने मला खुर्चीवरून ढकललंच. 'काल पोहे दिले ती,' तिने टाइप केलं. मग जरा थांबून, 'तुला मी पसंत आहे की तुझ्या आईला?'

पलीकडून मग एकेक अक्षर येत गेलं. 'मला कोणी विचारलं नाही.'

मी ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. आई स्क्रीनच्या जवळ येऊन उभी राहिली.

'मग मी विचारते,' ताईने लिहिलं. 'मी पसंत आहे का?'

'मी' एवढं आलं. त्यापुढे कचरा, आणि लाइन कट. खालून काकूंचा आवाज: "झालं का गं तुमचं? बघायला उचलला होता!"

"काकू, ठेवा तो फोन!" मी जिन्यात जाऊन इतकी ओरडले की शेजारचं दार उघडलं. ताई पुन्हा पुन्हा बटणं दाबत होती.

मी परत डायल करणार तोच फोन वाजला. आईने उचलला. मुलाच्या आईचा आवाज मला बाजूला उभी राहून ऐकू येत होता. "जय भीम. अहो, कधीची लावतेय, एंगेजच! आमच्या मुलाला मुलगी पसंत आहे बरं का. तुमचं काय?"

आईने स्क्रीनकडे बघितलं. ताईने आईच्या ओठांवर डोळे लावलेले.

"जय भीम," आई म्हणाली. "तुम्ही जरा फोन ठेवा. आमची मुलगी तुमच्या मुलाशी बोलतेय."

तिने रिसीव्हर खाली ठेवला आणि माझ्यावर खेकसली, "बघत काय बसलीस? लाव त्याला!"