पहिला आवाज

भुजंगरावांना स्वस्थ बसणं माहीतच नव्हतं. बदनापूरला स्टेशनजवळ त्यांचं घर. चहाचा कप हातात घेऊन ते अंगणात चकरा मारायचे आणि चहा तसाच निवून जायचा. "कुठंतरी बूड टेकवा की," असं त्यांची बायको कांताबाई लग्नापासून म्हणत आली होती. पण गेल्या दोन वर्षांतली तगमग निराळी होती आणि तिचं कारण त्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं.

तीस वर्षं त्यांनी लग्नांचे फोटो काढले. मोबाइल आले, लोक आपले फोटो आपणच काढू लागले आणि धंदा बसला. मग गंमतच झाली. पुण्या-मुंबईच्या पोरापोरींना रिळाच्या जुन्या कॅमेऱ्यांचं वेड लागलं. इकडे मराठवाड्यात कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ट्रंकेत असे कॅमेरे धूळ खात पडलेले. जाहिराती येत, पण न बघता घेणार कोण? कुणीतरी भुजंगरावांचा नंबर दिला, त्याच्याकडून दुसऱ्याला गेला, आणि बघता बघता हा माणूस जुन्या कॅमेऱ्यांचा पारखी होऊन बसला. विकणाऱ्याच्या घरी जायचं, कॅमेरा तपासायचा आणि घेणाऱ्याला फोनवर एक शब्द सांगायचा: 'घ्या' किंवा 'सोडा'. तो शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. निदान लोक तसं मानत.

तपासण्याची त्यांची एक रीत होती. निघण्याआधी ते विकणाऱ्याला ताकीद देत, "मी येईस्तोवर बटणाला हात लावायचा न्हाई." वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कॅमेऱ्याचं आतलं वंगण घट्ट होतं आणि शटर आळसावतं. दहा-वीस वेळा दाबलं की ते मोकळं होतं आणि नव्यासारखं चालायला लागतं. महिनाभर पडून राहिलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. चलाख विकणारे गिऱ्हाईक यायच्या आधी शंभरदा दाबून ठेवतात. म्हणून पहिला आवाज खरा, बाकीचे बनावट, असं भुजंगराव म्हणत. दुसरा नियम याहून कडक होता: विकणाऱ्याला काही विचारायचं नाही. विकणारा काय, आपल्या ताकाला आंबट थोडंच म्हणणार?

आता त्यांचं गुपित सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी जालन्याच्या एका डॉक्टरानं त्यांचे कान तपासले होते. बारीक आवाज आता यायचे नाहीत, डावा कान तर पारच गेलाय, मशीन लावून घ्या, असं त्यानं सांगितलं. भुजंगरावांनी तो कागद घडी करून कपाटात कपड्यांखाली सारला. कानावर जगणाऱ्या माणसानं कानात मशीन घालून गिऱ्हाइकासमोर जायचं? शक्यच नव्हतं. तेव्हापासून शटर दाबताना ते भिंगाच्या कड्यावर बोट ठेवत आणि थरथरीवरून आवाज ओळखत. निभावून नेत होते, पण प्रत्येक 'घ्या' नंतर आठ-आठ दिवस जिवाला घोर लागे.

त्या दिवशी ते धावड्याला गेले. भोकरदन तालुक्यातलं गाव, मोटारसायकलवर दोन तासांहून जास्तच. वाटेत राजूरला चहाला थांबले आणि अर्धा टाकून उठले. पुण्याच्या प्रियदर्शनी नावाच्या मुलीला तो कॅमेरा हवा होता. परवाच ती दोन महिन्यांसाठी मेळघाटात जाणार होती, तिथल्या माणसांचे फोटो काढायला. रीळ घालून, धुऊन, बघायला वेळच नव्हता. "काका, सगळं तुमच्या शब्दावर आहे," असं ती फोनवर म्हणाली होती. तेव्हापासून त्यांना अन्न गोड लागलं नव्हतं.

कॅमेरा द्वारकाबाईंचा, म्हणजे त्यांच्या वारलेल्या मालकांचा. मालक पंचक्रोशीतले फोटोवाले होते. नात रूपालीनं मोबाइलवर जाहिरात टाकली होती आणि आज ती कॉलेजला गेली होती. द्वारकाबाईंनी चटई अंथरली, पाणी दिलं आणि चामडी पेटी पुढं ठेवली.

"बटणाला कुणी हात लावला न्हाई ना, वहिनी?"

"न्हाई भाऊ. ते गेल्यापासून पेटीच उघडली न्हाई म्या."

एकावर एक दोन भिंगांचा, वरून मान खाली घालून बघायचा कॅमेरा होता. अंगावर ओरखडा नव्हता. भुजंगरावांनी मागचं झाकण उघडलं, बोट कड्यावर ठेवलं, कळ ताणली आणि आकडा एक सेकंदावर आणला. दाबलं. पलीकडचा उजेड बरोबर सेकंदभर दिसला. तेवढं डोळ्याला कळतं. खरी परीक्षा पुढची. सेकंदाचा पंधरावा हिस्सा आणि तिसावा हिस्सा, यांतला फरक डोळा सांगत नाही, तो कानानंच ओळखायचा. सावलीत, घरात, झाडाखाली फोटो काढायचे ते याच दोन आकड्यांवर.

त्यांनी पंधरावर दाबलं. टक्. तीसवर दाबलं. टक्.

दोन्ही सारखेच वाटले. बोटालाही काही निराळं लागेना. साठ आणि त्याच्या वरचे आकडे त्यांनी एकेकदा दाबून पाहिले. शटर आळसावलंय म्हणून सारखे, की आपला कान गेलाय म्हणून? त्यांनी पुन्हा दाबलं. पंधरा, तीस. मान वळवून उजवा कान जवळ नेला. पुन्हा पंधरा, पुन्हा तीस. उठून खिडकीपाशी गेले, परत आले, उभ्यानंच दाबत राहिले. बिघाड कॅमेऱ्यात आहे की आपल्यात, हेच कळेना. आणि पंचवीस-तीसदा दाबून झाल्यावर एकदम त्यांच्या लक्षात आलं, की ज्यासाठी आपण जगाला दम देत आलो तेच आपण करून बसलोय. शटर आता मोकळं झालं असणार. पहिला आवाज गेला. तो आता महिनाभर तरी परत येणार नव्हता आणि पोरगी परवा निघणार होती.

त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

टॉर्च काढून त्यांनी भिंगं पाहिली. बुरशीचा ठिपका नव्हता. 'घ्या' म्हणून मोकळं व्हावं, असं एकदा मनात आलं. 'सोडा' म्हणावं, असंही आलं. पण चांगला माल उगाच बदनाम करायचा आणि या बाईचं नुकसान करायचं, हेही पाप. त्यांनी समोर पाहिलं. पहिला आवाज झाला तेव्हा खोलीत दोनच माणसं होती. त्यातलं एक बहिरं आणि दुसरं विकणारं.

"वहिनी," ते अखेर म्हणाले, "एक विचारू? म्या पहिल्यांदा दाबलं, तव्हाचा आवाज तुम्ही ऐकला का?"

"ऐकला की."

"कसा होता?"

द्वारकाबाईंनी पदर सारखा केला. "आम्ही शाळा-शाळांत फोटो काढायला जायचो. हे कॅमेऱ्यामागं अन् म्या पोरांपाशी. आवाज संपेस्तोवर पोरं हलू द्यायची न्हाईत, हे माझं काम. एकोणतीस वर्षं केलं. पंधराचा आवाज लांबतो, मागं बारीक घरघर राहती. तीसचा लगेच तुटतो. तुम्ही पहिल्यांदा दाबला तव्हा तीसचाबी लांबला. आता बराबर तुटून राह्यलाय."

"मंग आधी का न्हाई बोलल्या?"

"तुम्ही पारखी. मला वाटलं, तुम्हाला कळलंच असंल." त्यांनी कॅमेऱ्याकडं बोट केलं. "साठचा अन् त्याच्या वरचा चांगला होता. त्यात खोट न्हाई."

स्वतःच्या मालातली खोट विकणारी स्वतः सांगत होती आणि पारखी ती वहीत लिहून घेत होता. भुजंगरावांना हसावं की रडावं ते कळेना. त्यांनी प्रियदर्शनीला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि उजव्या कानाशी धरला.

"ताई, भिंगं स्वच्छ हायेत. साठच्या वर बिनधास्त वापरा. तीसवर भरवसा ठेवू नका, शटर रेंगाळतंय. तिकडून आल्यावर साफ करून घ्या."

"चालेल काका, मी उन्हातच काढणार आहे जास्त करून," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "नक्की ना? तुम्ही स्वतः ऐकलंत ना?"

हो म्हणायला काय जात होतं? माहिती तर खरीच होती. द्वारकाबाई काही बोलल्या नसत्या आणि पोरीलाही कधी कळलं नसतं. भुजंगरावांच्या ओठांवर तो 'हो' आलाही होता.

"न्हाई," ते म्हणाले. "माझा कान गेला, ताई. दोन वर्षं झाली. ऐकलं ते वहिनींनी, ज्यांचा कॅमेरा हाय त्यांनी."

मग प्रियदर्शनी म्हणाली, "मावशींना फोन द्या."

त्यांनी दिला. द्वारकाबाई फोन घेऊन ओट्यावर गेल्या. काय बोलणं चाललंय ते आत ऐकू येत नव्हतं, नुसते त्यांचे हलणारे हात दिसत होते. बोटांनी त्या काहीतरी मोजून दाखवत होत्या. भुजंगराव दारात उभे होते. धंदा संपला, असं त्यांना स्वच्छ वाटलं. वाईटही वाटत होतं आणि छातीवरचा धोंडा उतरल्यासारखंही वाटत होतं.

"घेते म्हणली," द्वारकाबाईंनी आत येऊन मोठ्यानं सांगितलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. "घरी ठाऊक हाय का तुमच्या कानाचं?"

"न्हाई."

"मला सांगितलं, त्या पुण्याच्या पोरीला सांगितलं, अन् बायकोला न्हाई? लावा फोन. आत्ता लावा, म्या हाय तव्हर."

बाई वयानं थोरल्या, शिवाय आज त्यांच्याच कानावर निभावलं होतं. भुजंगरावांनी निमूटपणे फोन लावला.

"कांता," ते म्हणाले, "एक सांगायचं राह्यलंय. मला कानानं कमी येतं. डाव्या तर बिलकुलच न्हाई."

कांताबाईचा आवाज स्पीकरमधून खोलीभर घुमला.

"मंग? दोन वर्षं झाली, जेवताना, एस्टीत, लग्नात, म्या रोज तुमच्या उजव्या अंगालाच बसून राह्यले, ते काय उगीच?"