पुढचा जिना, मागचा जिना

मधुमती चितळे शिकवायच्या ती इंग्लंडमधली कॉव्हेंट्रीजवळची शाळा म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका धनिकाचा बंगला. पुढचा ऐसपैस जिना मालकांचा, मागचा अंधारा, अरुंद जिना नोकरांचा. शाळा झाली तरी मुलं आणि शिक्षक मागूनच चढायचे. पुढचा जिना फक्त पाहुण्यांना.

"तो काय पूजेला ठेवलाय?" म्हणत बाईंनी वर्षानुवर्षं हेडसरांचं डोकं खाल्लं. शेवटी २००६ साली कंटाळून त्यांनी जिना सगळ्यांना खुला केला.

पहिल्याच दिवशी घंटा झाली आणि पोरं नेहमीसारखी मागच्या जिन्यात कोंबली गेली.

"अरे, पुढे एवढा जिना मोकळा पडलाय, तो दिसत नाही का कुणाला?" बाई कडाडल्या.

मग त्यांच्या लक्षात आलं, त्याच गर्दीत, कठडा धरून, आपणही अर्धा जिना उतरलो आहोत.