वहिनीच्या पानावर माझी आई

वहिनीनं मुरबाडला मालिश केंद्र काढलं तेव्हा मी तोंडभरून कौतुक केलं आणि आतून जळून खाक झाले. खोटं कशाला बोलू. आमच्या घरात मालिश म्हणजे आई. टोकावड्याच्या आसपास जिच्या अंगाला माझ्या आईचा हात लागला नाही अशी बाळंतीण शोधून सापडायची नाही. आणि ही विद्या तिनं दिली कोणाला, तर सुनेला. मी लहानपणी तेलाच्या वाटीकडे हात नेला की म्हणायची, "ठेव ती. तू अभ्यास कर." केला अभ्यास. आता शहापुरात घरी बसून लोकांच्या वेबसाइटसाठी मजकूर लिहिते. दातांचे दवाखाने, टाइल्सची दुकानं, माळशेजच्या वाटेवरची रिसॉर्टं. ज्या दुकानाची पायरीही चढले नाही, त्याच्याबद्दल मायेनं चार शब्द लिहायचे आणि गिऱ्हाईक आणून द्यायचं, हा माझा धंदा.

मग काय, आईचा फोन आलाच. "वहिनीचं ते पान लिहून दे गो. घरचंच काम हाय."

घरचं म्हणे. दिलं लिहून. अनुभवी हात, लाकडी घाण्याचं तेल, स्वच्छ खोली, फक्त महिलांसाठी. चूक काढायला जागा नव्हती आणि त्यात जीवही नव्हता. दादानं ते वेबसाइटवर टाकलं. त्यानंतर फोन आला तो एकच, घाण्याचं तेल सुटं मिळेल का म्हणून विचारणारा. वहिनीनं मला अगदी हळू आवाजात सांगितलं, "ताई, पान चांगलं झालंय हो. पण बाया काय येत नायत."

मला बरं वाटलं. दिवसभर बरं वाटत होतं. संध्याकाळी मात्र दुसरंच टोचायला लागलं. मी लिहिलं आणि गिऱ्हाईक आलं नाही, असं आजवर झालं नव्हतं. आणि का आलं नाही तेही मला पक्कं ठाऊक होतं. आपलं अंग कुणाच्या हाती देण्याआधी बाईला एवढंच कळायला हवं असतं की हे हात कोणी घडवले. पानावर आई हवी होती. मीच ती मुद्दाम वगळली होती.

वहिनीला फोन केला. म्हटलं, "आईबद्दल लिहावं लागेल. सासूनं शिकवलं असं लिहू?"

"सासू कशाला? माझ्या आईनं मला शिकवलं, असंच लिवा. मी कुठं त्यांना सासू मानते?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या मनात काही वाकडं असतं तर चार शब्द सुनावले असते. पण तिच्या मनात कधीच काही वाकडं नसतं, तोच तर ताप आहे. फोन आपटला आणि लिहायला बसले. मजकूर वहिनीच्या तोंडचा, म्हणजे 'मी' म्हणजे ती. लिहिलं, 'माझ्या आईनं मला शिकवलं.' आणि मग हात थांबेचना.

आई मला लहानपणी सोबत न्यायची, घरी सांभाळायला कोणी नसायचं म्हणून. बाळंतिणीच्या खोलीत कोपऱ्यात गोधडी टाकून म्हणायची, झोप. मी डोळे किलकिले करून बघत राहायची. तेल कोमट झालं का ते ती मनगटावर बघायची. बाळाला मात्र लगेच चोळायची नाही. टाचेवर नुसता हाताचा तळवा ठेवायची आणि विचारायची, "येऊ का रे बाळा?" ते पाऊल ताठ असेल तर थांबायची. सैल पडलं की मगच सुरुवात. बाळाचं झालं की बाळंतिणीलाही तसंच, टाचेवर हात आणि "येऊ का गो?" आणि त्या एवढ्याशा विचारण्यानं मोठ्या मोठ्या बायांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं आहे. हे सगळं मी लिहून काढलं. वहिनी घरात आली तोवर आईची बोटं आखडली होती. आईनं तिला शिकवलं ते खुर्चीत बसून, तोंडानं. टाचेवरचा तो हात वहिनीनं कधी पाहिलाच नव्हता.

पान बदललं आणि वहिनीचा फोन थांबेना. कल्याणहून, बदलापूरहून बाया विचारायच्या, "ते 'येऊ का' म्हणणाऱ्या तुम्हीच ना?" मग वहिनीही प्रत्येकीच्या टाचेवर तळवा ठेवून विचारायला लागली. माझ्याकडे आईची तेवढीच एक गोष्ट होती. तीही मीच तिला लिहून दिली.

रविवारी माहेरी गेले. वहिनीनं हट्टच धरला की आईला पान वाचून दाखवा. पडवीत आई खुर्चीवर, वहिनी तिच्या पायाशी. मी मोबाइलवरून वाचत गेले. आई डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर तिनं वहिनीच्या डोक्यावरून हात फिरवला. "कधी सांगितलं व्हतं गो मी तुला? किती ध्यानात ठेवलंस."

मी बोलायच्या आत वहिनीच म्हणाली, "आई, मला कुठलं ठाव? ते ताईंचं हाय सगळं."

आई माझ्याकडे बघतच राहिली. "तू जागी असायचीस?"

"रोज."

"मग मला शिकव म्हणून कधी बोलली का नायस?"

मी वाटीला हात लावायची, ते काय होतं मग? असं विचारणार, तोवर सवयीनं वहिनीनं आईचा एक पाय मांडीवर घेतला होता. आईनं दुसरा माझ्याकडे सरकवला. मी मोबाइल बाजूला ठेवला, खाली बसले, टाचेवर तळवा ठेवला आणि विचारलं, "येऊ का?"

वहिनीच्या मांडीवरचा पाय केव्हाच सैल पडला होता. माझ्या हाताखालचा ताठच होता. मी हात काढला नाही.