ट्रॅक्टरच्या नाकावरचा भिमाजी

भिमाजीला आमच्या पुणतांब्यात लोक कामासाठी बोलावत नसत, वजनासाठी बोलावत. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण ज्याने कुळव हाकला आहे त्याला येणार नाही. कुळवाची लोखंडी फास जमिनीत नीट रुतायची तर वरच्या आडव्या लाकडावर, दिंडावर, कुणाला तरी उभं राहावं लागतं. काही लोक दगड ठेवतात. दगड पहिल्याच ढेकळाला घरंगळतो. भिमाजी घरंगळत नसे. जमीन कडक आली की टाचा दाबायचा, मऊ आली की अंग सैल सोडायचा, आणि बैलांना कळायचंही नाही की मागे एवढा डोंगर उभा आहे. सोसायटीच्या काट्यावर एकदा त्याला गंमत म्हणून उभा केला होता, तेव्हा एकशे अठरा किलो भरला. त्या दिवसापासून तो आकडा तो आपल्या नावाला जोडूनच सांगायचा.

तो आमच्याच वस्तीवर राहायचा, तो आणि त्याची बायको साळूबाई. साळूबाई इतकी किरकोळ की दोघं बाजाराला निघाली की लोक म्हणायचे, निम्मं सामान घरीच राहिलं. भिमाजी हसायचा. चिडणं त्याला ठाऊकच नव्हतं, आणि याचा फायदा आम्ही सगळ्यांनी घेतला, हे आताच सांगून टाकतो.

एकाहत्तर साली माझे थोरले बंधू आबासाहेब यांनी ट्रॅक्टर घेतला. छोटा होता, ताकदीनं बेताचा. गावानं त्याचं नाव शिंगरू ठेवलं आणि मला त्या नावाचा भयंकर राग यायचा. राग येण्याचं कारण असं की नाव बरोबर होतं. भरलेली ट्रॉली ओढ्यातून वर काढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं जमिनीवरून सुटायची आणि नाक वर व्हायचं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा आबासाहेबांनी क्षणभरही विचार केला नाही. ‘भिमाजीला पुढं बसवा,’ म्हणाले. कुळवावर माणूस उभा राहतो, मग ट्रॅक्टरवर का नाही? आम्हा कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. पुढच्या लोखंडी पट्टीवर भिमाजी ड्रायव्हरकडे तोंड करून बसायचा, बॉनेटला मिठी मारायचा, आणि नाक मुकाट्यानं खाली राहायचं. त्याला तर मोठा हुद्दाच मिळाल्यासारखं झालं. ‘सहादेव हाकतो, पर ट्रॅक्टर मी धरतो,’ असं तो साळूबाईला सांगे. सहादेव हा आमचा ड्रायव्हर.

मग बहात्तरचा पाऊस आलाच नाही. गोदावरीच्या पात्रात लोक झिरे खणू लागले. आमची मोसंबीची बाग सहा वर्षांची होती, ऐन फळावर आलेली, आणि विहिरीनं तळ दाखवला होता. विहीर खोल करायला घेतली. सुरुंग लावायचे, फुटलेला दगड यारीनं वर ओढायचा आणि काठावर टाकायचा. फेब्रुवारीपर्यंत काठावर दगडांचा असा ढीग झाला की यारीलाच जागा उरेना. सगळीकडची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली, साळूबाईसुद्धा. दगड हटवायला हात नव्हते. तेव्हा मी कुठंतरी ऐकलं की नगरजवळ नागापूरला एक मिस्त्री ट्रॅक्टरच्या मागे लावायचा लोखंडी पंजा बनवतो. दगड पकडायचा, लिफ्टनं उचलायचा आणि दूर नेऊन टाकायचा. आबासाहेब म्हणाले, ‘रंगनाथ, तूच जा आणि बघून आण.’ घरात मी शिकलेला, म्हणून असल्या निवडी माझ्याकडे यायच्या.

मी आणि सहादेव पहाटे ट्रॅक्टर घेऊन निघालो, ते दुपारी नागापूरला पोचलो. इब्राहिम मिस्त्री पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. सहादेव पाणी प्यायला नळावर गेला होता. मिस्त्रीनं माझ्याशी बोलण्याआधी ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली, नाकापाशी उभा राहिला आणि पट्टीवर हात ठेवून दाबून बघितलं. मग दोन पंजे दाखवले.

लहान पंजा तीन बोटांचा. त्याला खटका होता. सीटवरून दोरी ओढली की कसाही असला तरी पंजा उघडणार आणि दगड जिथं असेल तिथं पडणार. मोठा पाच बोटांचा, लहानाच्या दुप्पट दगड उचलणारा. त्याची रीत चिमट्यासारखी होती. जितकं वजन जास्त तितकी पकड घट्ट.

‘हा भरलेला असताना उघडत नाही,’ मिस्त्री म्हणाला. ‘दगड जमिनीला टेकला, की मग दोरी ओढायची. अधांतरी कितीही ओढा, सुटणार नाही. तुमच्या गाडीला हा लहान घ्या.’

‘लहान पंजानं आमचं काम दोन महिने चालेल. तोवर बाग राहील का?’

‘मोठाच पाहिजे तर आठ दिवस थांबा. नाकाला लोखंडी वजन बनवून बोल्टनं बसवून देतो.’

‘वजन आहे आमच्याकडे. एकशे अठरा किलो.’

‘लोखंडाचं?’

‘माणूस आहे.’

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, आणि म्हणूनच ती नजर मला सहन झाली नाही. ‘माणूस वजन नसतो, भाऊ,’ एवढंच तो म्हणाला. मला ते झोंबलं. मला शेती शिकवायला हा कोण? शिवाय खरं सांगायचं तर लहान पंजा घेऊन गावात शिरलो असतो, तर शिंगराला खेळणं आणलं म्हणून लोक हसले असते. ते हसू मला आधीच ऐकू येत होतं. मी मोठा पंजा निवडला. सहादेव परत आला तेव्हा त्याला फक्त म्हणालो, ‘दगड टेकवायचा आणि मग दोरी ओढायची.’ अधांतरी तो सुटत नाही, हे सांगितलं नाही. आबासाहेबांनाही नाही आणि भिमाजीलाही नाही. सांगितलं असतं तर कुणीतरी लहान पंजाचा विषय काढला असता.

चार दिवस काम झकास चाललं. गाव बघायला येत होतं आणि मी मिशीला पीळ देत हिंडत होतो. भिमाजी नाकावर बसलेला. कमरेला उपरणं गच्च आवळलेलं, त्यावर सदरा. त्याचा सदरा खांद्यावरून ओघळायला लागला होता, हे मला दिसत होतं. आठ महिने रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी आणि पाणी, दुसरं काय होणार? पण माझ्या डोक्यात तो काट्यावरचा आकडाच बसला होता. दुष्काळ सगळ्या गावाला सोलत होता आणि आम्ही भिमाजीला मात्र गेल्या साली होता तेवढाच धरून चाललो होतो.

पाचव्या दिवशी काठाच्या अगदी कडेला दगडाची एक मोठी चीप राहिली होती. विहिरीत खाली गहिनीनाथ आणि त्याचा भाऊ सुरुंगाची भोकं पाडत होते. सहादेवानं ट्रॅक्टर मागे घेतला, पंजानं चीप पकडली, लिफ्ट उचलली. आणि चिपेखालचा मुरूम ढासळला.

चीप काठावरून घसरली आणि विहिरीवर अधांतरी लोंबायला लागली. मागची चाकं वीतभर रुतली. नाक उठलं. आधी हातभर, मग छातीइतकं. भिमाजी बॉनेटला बिलगलेला, पाय हवेत. सहादेवानं दोरी ओढली. पुन्हा ओढली. दोन्ही हातांनी ओढली.

‘सुटत न्हाई,’ तो म्हणाला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. तिथं जमलेल्या माणसांत दगड का सुटत नाही हे एकट्या मला माहीत होतं.

लिफ्ट खाली करावी तर खाली जमीनच नाही, दगड आणखी खोल जाणार आणि मागे आणखी ओढणार. ट्रॅक्टर पुढं घ्यावा तर चाकांनी जोर धरताच नाक आणखी उचलणार. सहादेव ब्रेकवर उभाच होता. ब्रेक सोडला असता तर ट्रॅक्टर, दगड आणि तो, सगळे खालच्या दोघांवर गेले असते. आता राहिलं होतं ते फक्त भिमाजीचं वजन.

मला एवढं कळत असूनही मी काय ओरडलो? ‘भिमाजी, उडी टाक!’ भीती वाटली की माणूस असाच बरळतो.

‘उतरू नगंस,’ सहादेव हळू आवाजात म्हणाला. ‘भिमाजी, तू हललास तर आमी गेलो.’

‘मी कुटं हलतोय,’ भिमाजी म्हणाला. त्याचा गाल बॉनेटच्या तापलेल्या पत्र्याला चिकटला होता. ‘आधी खालची मान्सं वर घ्या.’

गहिनीनाथला आणि त्याच्या भावाला दोरानं वर घ्यायला किती वेळ लागला असेल? पाच मिनिटं, फार तर सात. त्या वेळात काठाचा मुरूम दोनदा झडला, आणि दर वेळी नाक बोटभर वर गेलं. भिमाजीनं डोळे मिटले होते. तो काहीतरी पुटपुटत होता, पण ऐकायला जवळ जाण्याची माझी छाती झाली नाही. मी दहा पावलांवर उभा होतो. दोराला माझा हातसुद्धा नव्हता, तो ओढत होते आबासाहेब आणि यारीवरचे तिघं.

दोघं वर आले तसा गहिनीनाथनं श्वासही न घेता तोच दोर ट्रॅक्टरच्या पुढच्या आसावरून टाकला. सगळे त्याला लोंबकळले. नाक थांबलं, पण खाली येईना. ‘रंगनाथ,’ आबासाहेब म्हणाले, ‘काय बघतोस?’ तेव्हा कुठं माझे पाय हलले. मी दोर धरला. माझं वजन ते काय, बावन्न किलो. पण नाक वीतभर खाली आलं, मग आणखी वीतभर. पुढची चाकं जमिनीला लागली. सहादेवानं ट्रॅक्टर मुंगीच्या चालीनं पुढं घेतला. चीप काठाला घासत वर आली आणि जमिनीवर टेकली. टेकल्याबरोबर पंजा सैल पडला आणि सहादेवानं दोन बोटांनी दोरी ओढली तरी उघडला.

सहादेव खाली उतरला आणि चाकाला टेकून बसला. भिमाजीला उतरवायला दोघं लागले, त्याची बोटं बॉनेटवरून सुटत नव्हती. गाल भाजून लाल झाला होता. तो जमिनीवर बसला, पाणी प्याला आणि मग कमरेचं उपरणं सोडायला लागला. त्यातून दगड पडले. एक, दोन, मग आणखी तीन. मुठीएवढे, गुळगुळीत, नदीतले.

मी त्या दगडांकडे बघत राहिलो. आजूबाजूला कुणी नव्हतं, सगळे सहादेवाकडे गेले होते.

‘हे काय, भिमाजी?’

तो ओशाळला. ‘संक्रांतीपास्नं बांधतोय. लई हलका झालो भाऊ मी. तुमास्नी कळलं असतं तर दुसरं कोनाला तरी बशिवलं असतं.’ आणि मग, चूक त्याचीच असल्यासारखा, ‘मी आदी सांगाया पायजे हुतं. माझ्यापायी समदी गेली असती.’

इथं मला गप्प बसता आलं असतं. तो आयता दोष आपल्या अंगावर घेत होता, आणि मी घेऊ दिला असता तर कुणालाही कधी कळलं नसतं. इब्राहिम मिस्त्री तिकडं ऐंशी किलोमीटरवर होता. पण ते पाच दगड बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी सगळं सांगून टाकलं. दोन पंजे होते हे सांगितलं. लहान पंजा केव्हाही सुटतो, हा सुटत नाही, हे मला नागापुरातच ठाऊक होतं, हेही सांगितलं. मिस्त्री वजन बनवून देत होता आणि मी म्हणालो माणूस आहे, ते सांगताना माझी मान वर होईना.

भिमाजीनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा तो चिडेल. मी त्याची वाटच बघत होतो, चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं उपरणं झटकलं, घडी घातली, खांद्यावर टाकलं. दूर रस्त्यावर खडीच्या कामावरून सुटलेल्या बायका येत होत्या. त्यांत साळूबाई कोणती हे तो डोळे बारीक करून शोधत होता.

‘तसं ठाऊक असतं तरी बसलोच असतो,’ तो म्हणाला. ‘पर साळूला सांगून आलो असतो.’