माझ्याच फाइलीसाठी नंबर

माझा ब्लॉग कोणी वाचत नाही, हे रडगाणं ऐकून घरचे कंटाळलेत. वाचत मात्र तेही नाहीत. त्यात माझी मराठी इंदुरी, अर्धी हिंदीत भिजलेली. पुण्यात छापलेलं पुस्तक वाचलं की वाटतं, आपण लिहायचं बंदच करावं. म्हणून तर ब्लॉगवर नावसुद्धा टाकलेलं नाही.

परवा आमच्या मराठी वाचनालयात गेले, तर एक आजोबा काउंटरवर विचारत होते, “ती ब्लॉगवाली फाइल आली का?”

ते गेल्यावर मी काउंटरवरच्या बाईंना विचारलं, कुठला ब्लॉग? त्यांनी नाव सांगितलं. माझाच!

“बुजुर्ग मेंबरांना मोबाइलवर वाचणं जमत नाही ना,” बाई म्हणाल्या. “मग मी प्रिंट काढून फाइलीत लावते.”

मी काउंटरवर वाकून विचारलं, “मला बघायला मिळेल?”

“आत्ता ती तिकडे राऊ गावात एका मेंबरकडे आहे. पुढे तीन नंबर लागलेत. तुमचा चौथा लिहू?”

“लिहा,” मी कसंबसं म्हणाले.

बाईंनी वहीत माझं नाव लिहिलं आणि चष्म्यावरून बघत बजावलं, “पण टाइमावर वापस करा हं. लोक वाट बघतात.”