बाळंतपणासाठी व्हिएन्नाला

पदराने आधी एक कोपर पुसायचं, मग दुसरं, आणि मगच समोरच्याकडे बघायचं. ही काकूंची सवय. दारव्ह्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची पिठाची चक्की होती. त्यांच्या भुवया कायम पांढऱ्या. लग्नाचं आमंत्रण घेऊन जा की कोणाच्या मरणाची बातमी, उत्तर ठरलेलं असायचं, "ते मंग पाहू. डबा ठेव इथं."

तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. तिच्याशी बोलायला जरा बिचकायला होतं आणि तिच्यावाचून भागतही नाही.

काकूंचे यजमान लवकर गेले. एकच मुलगी. ती शिकली, पुण्यात नोकरीला लागली आणि लग्नानंतर नवऱ्याबरोबर व्हिएन्नाजवळच्या एका गावात राहायला गेली. मी शेजारची, शाळेत शिकवणारी, म्हणून व्हिडिओ कॉल लावून देणं माझ्याकडे आलं. मुलीला दिवस गेले तेव्हा काकूंचं जाणं ठरलं आणि पासपोर्ट, व्हिसा हेही ओघाने माझ्याकडेच आलं.

जावयाने हौसेने फिरण्याचा बेत पाठवला होता. राजवाडा, जुनं चर्च, नदीतून बोटीची फेरी. चक्कीवर गर्दी नसताना मी एकेक फोटो दाखवत होते.

"बघा काकू, केवढा राजवाडा आहे!"

त्यांनी कोपर पुसून फोटो पाहिला. "झाडपूस कराले किती बाया लागत असतीन?"

"तुम्हाला बघायचाय ना तो?"

"मी फिराले नाई जाऊन राह्यली. बाळंतपण कराले जाऊन राह्यली. राजवाडा मंग पाहू."

त्यांच्या चौकश्या वेगळ्याच होत्या. तिथे ओवा मिळतो का? शेक द्यायला निखारे कुठे करायचे? घरात धूर झाला की तिकडे घंटा वाजते, असं मुलीने सांगितलं तेव्हा त्या दिवसभर नाराज होत्या. "बाळंतिणीच्या खोलीत धुरी नाई? कसं गाव हाय हे!" शेवटी गरम पाण्याच्या पिशवीवर तडजोड झाली.

व्हिसा आला. डिंकाचे लाडू झाले. स्वतःची मऊ पडलेली लुगडी फाडून त्यांनी दुपटी शिवली आणि बॅगेत अगदी वर ठेवली.

जावयाचा फोन आला तेव्हा दुपार होती आणि मी गव्हाचा डबा घेऊन चक्कीवरच उभी होते. आवाजात काकूंना ऐकू येईना, म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला. पोटातच बाळाचे ठोके थांबले होते. मुलगी होती.

मी सांगितलं. काकूंनी हात लांब करून खटका बंद केला. पट्टा फिरायचा थांबेपर्यंत त्या त्याच्याकडेच बघत राहिल्या.

पुढे मुलीचा निरोप आला, तोही माझ्याच फोनवर. आईला सांग, आता येऊ नको. मला कोणालाच भेटायचं नाही.

दिग्रसहून काकूंचे भाऊ आले. गल्लीतल्या बायका जमल्या. सगळ्यांचं म्हणणं एकच.

"आता कायले जातं, बाई?" भाऊ म्हणाले. "पोरगीच नाई म्हनते. तिले आनखी तरास."

काकूंनी पदराने दोन्ही कोपरं पुसली. मग म्हणाल्या, "लेकरू नाई राह्यलं. बाळंतीण तर हाय ना? तिले दूध येत असन. तिचं पोट कोन बांधन?"

बायकांनी डोळ्याला पदर लावले.

दुसऱ्या दिवशी काकूंनी बॅग पुन्हा भरली. लाडू आत राहू दिले, ओवा राहू दिला. दुपटी तेवढी काढली आणि कपाटात ठेवून दिली. मी मदतीला पुढे झाले, तर हातानेच नको म्हणाल्या.

नागपूरच्या विमानतळावर मी सोडायला गेले. आत जाताना त्यांनी माझं मनगट धरलं. ही बाई कशाला तरी भिते, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"पोरगी दार तं उघडन ना?" त्यांनी विचारलं.

व्हिसा संपत आला तेव्हा त्या परतल्या. पार वाळल्या होत्या. काय काय पाहिलं, असं मी मूर्खासारखं विचारलं.

"सैपाकघर," त्या म्हणाल्या.

चक्की पुन्हा सुरू झाली, पण त्या थोडं दळून बसून राहायच्या. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी शटर उघडलंच नाही. त्या झोपेतच गेल्या होत्या.

मुलगी आली. तेरवी झाल्यावर आम्ही दोघी बंद चक्कीत बसलो होतो. ती आपणहून बोलायला लागली.

"घराचं दार मी उघडलं, पण माझ्या खोलीचं नाही. आई बाहेर ताट ठेवायची आणि तिथंच बसून राहायची. एक दिवस मीच बाहेर आले. तिनं तेल गरम केलं, मला पालथं झोपवलं. सगळे विचारत होते, कसं झालं, डॉक्टर काय म्हणाले. आईनं यातलं काहीच विचारलं नाही."

चक्कीवर बसलेली पिठाची धूळ तिने बोटाने पुसली.

"पाठ चोळता चोळता तिनं एवढंच विचारलं, तिचं नाव काय ठेवनार होती तू? तोवर कोणीच विचारलं नव्हतं. मी सांगितलं. मग तेल जिरेपर्यंत आई हळूहळू तेच नाव घेत राहिली, नातीला जवळ बोलवत असल्यासारखी."