आधी पेन्सिल, मग पेन

आमच्या सरांच्या खिशात पेन आणि पेन्सिल कायम शेजारी शेजारी असत. पेन बाहेर निघालेलं मात्र आम्ही क्वचितच पाहिलं. जानेफळला कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. त्याआधी ते विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करत, त्यामुळे स्वतः चालवून पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

पहिला धडा जिन्यावर व्हायचा. जिन्याच्या दिव्याला एक बटण वर, एक खाली. दोन्ही बटणं सारखी असली की दिवा बंद, वेगवेगळी असली की चालू. "हे झालं एक्सॉर," सर म्हणत. "सी भाषेत त्याचं चिन्ह टोपीवानी दिसते, त्याले टोपीच म्हणू. पण टोपी पाहून माणूस वळखू नका. चारी खेपा बटन दाबा अन् दिवा पाहा!"

वहीच्या शेवटच्या पानावर ते तक्ता आखायला लावत. कॉम्प्युटरच्या एकेका भाषेला एक रकाना. नव्या भाषेतलं चिन्ह आधी पेन्सिलीनं लिहायचं. शून्य म्हणजे न दाबलेलं बटण, एक म्हणजे दाबलेलं; त्यांच्या चारही जोड्या कॉम्प्युटरवर चालवायच्या, उत्तरं जिन्याशी जुळली तरच पेन. एकदा मी कंटाळून अख्खा रकाना पेनानं भरला. "काऊन वं, गाडी सुटून राह्यली का तुही?" असं म्हणून त्यांनी पान फाडलं. मला भयंकर राग आला होता.

पुढे पुण्यात नोकरी लागली, तीही सहा महिने काम पाहून कायम करू या अटीवर. पाण्याच्या मीटरकडून आलेला निरोप वाटेत बिघडला की नाही, हे तपासणारा सीमधला प्रोग्राम मला लुआ नावाच्या भाषेत आणायचा होता. सहावा महिना संपत आला, आणि माझा प्रोग्राम चांगले निरोपही बाद ठरवत होता. साहेब म्हणाले, "सोमवारी चाललं नाही, तर अवघड आहे." दोन दिवस मी सगळीकडे चूक शोधली. टोपीकडे पाहिलंच नाही, कारण ती ओळखीची होती.

शनिवारी दुपारी जिना आठवला. चार जोड्या चालवल्या. एक आणि एक, दोन्ही बटणं सारखी, तरी दिवा लागलेला! लुआत टोपी म्हणजे गणितातला घात निघाला, आणि एकाचा एक घात एकच. आपलं एक्सॉर तिथे नागमोडी रेघेत होतं. मी तेवढं बदललं. सोमवारी प्रोग्राम चालला आणि महिनाअखेर मी कायम झाले.

दिवाळीला पेढे घेऊन सरांकडे गेले. क्लास आता त्यांची सून चालवते. सरांना बारीक दिसत नाही, पण त्यांची तक्त्याची वही जवळच होती. सगळं ऐकून त्यांनी लुआचा नवा रकाना आखायला सांगितला आणि खिशातलं पेन माझ्यापुढे धरलं. "मले दिसत नाही. तूच लिह्य पेनानं."

मी पेन हातात घेतलं, खाली ठेवलं आणि चार जोड्या चालवायला कॉम्प्युटर सुरू केला.

"हाव," सर हसले, "आता पेन तुह्याजवळच राहू दे."